पाहुणीणबाई 'येतो' म्हणाल्या

मंगळवार, ९ सप्टेंबर

सगळ्यात आधी आला तो सांडू. चहाला अजून उकळी बी नव्हती. चप्पल काढता काढताच म्हणतो, "मावशी, ठरलं! कोल्हापूरवाला येतोय." त्याच्या मागून कमरोद्दीनभाई, आन् त्यांच्या मागून काठी टेकत नानासाहेब. हे तिघं आले की आमचा ओटा भरला म्हणायचं.

सांडू समोरच्या कॉलेजच्या ग्राउंडचा वाचमन. माझी नात प्रेरणा त्याच कॉलेजच्या पोरींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. अख्ख्या गारखेड्यात आमच्या ओट्यासारखी जागा नाय, बसल्या जागी दोन्ही गोल दिसतात. मधी एक कडुलिंब येतो, पण तो बी सवयीचा झालाय. मला आधी यातलं काय बी कळत नव्हतं. पोरींना खेळ शिकवणारे खरात सर पुण्याला गेले आन् सांडू म्हणाला, "मावशी, कॉलेजला कोच पाहिजे," तर मी म्हणलं, आमच्या माडीवर एक पडलाय, स्प्रिंगा वर आल्यात पण बसायला चांगलाय, न्या. कमरोद्दीनभाई हसून हसून ओट्यावरून खाली उतरले. आता मला समजतं. बसायचा तो वेगळा कोच, हा शिट्टीवाला.

तर कोल्हापूरवाला. नानासाहेबांना पटंना. ते सोसायटीचे चेअरमन होते, त्यांना सगळं सहीशिक्क्यासकट लागतं. "मला प्रिन्सिपॉलच्या भाच्यानं सांगितलंय. नागपूरचा माणूस पक्का. मिलिटरीतला. शिस्त लावील."

"शिस्त से गोल होते क्या नानासाब?" कमरोद्दीनभाई म्हणाले. ते एसटीत ड्रायव्हर होते, पण तरुणपणी राइट विंगला खेळायचे, अजून बी चालताना उजवा पाय आधी टाकतात. "गोवेवाला लाव. गोवेवाले का बॉल पाँव में रहता, मुँह में नहीं."

"ऐका तर," सांडू म्हणाला. "मी ऑफिसच्या खिडकीखाली झाडांना पाणी घालत होतो. क्लार्कनं मेसेज मोठ्यानं वाचला. 'मी येतो. आधी ग्राउंड बघतो, पोरी बघतो, पसंत पडलं तर ठरवतो. तोवर कुणाला सांगू नका.' नंबर कोल्हापूरचा."

"पोरी बघतो?" नानासाहेब तडकले. "ही काय बोलायची रीत झाली? लग्नाचा आहे का हा?"

"बापेमाणसं असंच बोलतात," मी म्हणलं आन् बशा आत नेल्या.

पण सांडू मागून जे बोलला ते माझ्या काळजात बसलं. म्हणं, असे बाहेरचे कोच येताना आपली गोलकीपर संगं आणतात. इथल्या पोरीला बाकड्यावर बसवतात.

आता इथं कुणी वाचत नाय म्हणून लिहिते. माझ्या लेकानं, अभयनं, जेवताना सांगून टाकलंय. नव्या कोचनं प्रेरणाला घेतलं तर खेळ. नाय घेतलं तर बूट माळ्यावर, आन् मामानं सांगितलेलं स्थळ बघायचं. मुलगा पुण्यात, आईबाप कोल्हापूरकडचे, कधी बी बघायला येतील. म्हणजे माझ्या पोरीच्या दोन्ही वाटा कोल्हापुरावरूनच जातात. मला लगीन पाहिजे का खेळ पाहिजे, मला इचारू नका. मला दोन्ही पाहिजे.

ही डायरी अभयला चिकलठाण्याच्या कंपनीतून मिळते. दर वर्षी पडून राहते. मी तिसरी शिकलेली, पण अक्षर बरं आहे.

बुधवार, १० सप्टेंबर

सुजलेला गुडघा अजून उतरला नाय. प्रेरणाचा. पोळ्याच्या आधीच्या म्याचमधी कॉर्नर अडवताना पडली ती गुडघ्यावर. घरात फक्त मला माहीत. "आज्जी, बाबांना कळलं तर संपलं. आन् सांडूमामाला कळलं तर ग्राउंडभर होईल." म्हणून सगळ्यांना सांगितलं, ताप येतोय. तिच्या जागी सध्या मोनिका उभी राहते. चांगली पोर आहे, पण प्रेरणाचे हातमोजे तिला ढिले होतात, आन् बॉल आला की डोळे मिटती.

मी रोज आंबेहळद उगाळून लेप लावते. ओट्यावर नानासाहेब इचारतात, "वहिनी, कसला ताप हा, इतके दिवस?" मी म्हणते, बदलत्या हवेचा. मंग ते मला तीन काढे सांगतात आन् कमरोद्दीनभाई तिन्ही खोडून काढतात. खोटं बोलायचं म्हणजे आधी काय बोललो ते ध्यानात ठेवावं लागतं, आन् माझ्या ध्यानात दुधाचा हिशेब राहत नाय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज ओट्यावर भांडण. नागपूरवाला नाय म्हणाला म्हणं. नाय, नागपूरवाल्यानं व्हय म्हणलं पण पगार ऐकून नाय म्हणाला. नाय, त्याला इचारलंच नव्हतं. नानासाहेब खुर्ची फिरवून बसले. कमरोद्दीनभाई म्हणाले, "गोवेवाले का फोन नहीं लगता." मी म्हणलं, तुमच्याकडं त्याचा नंबर हाय? म्हणाले, "मेरे पास कहाँ से आता भाभी? ऐसेच बोला."

सांडूनं नवीन आणलं. कोल्हापूरवाला गुपचूप येऊन जाणार, कुणाला न सांगता. ग्राउंड बघणार साध्या माणसासारखा. मंग काय! संध्याकाळभर रस्त्यानं जो अनोळखी बापा जाईल त्याच्याकडं तिघं मान वळवून बघायले. एक बिचारा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा होता. नानासाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, आन् पोरींच्या डिफेन्सबद्दल त्याचं मत इचारलं. तो म्हणाला, वॉशर बदलावं लागंल.

हसले लई. पण रात्री झोप नाय. पोर कूस बदलताना कण्हती.

रविवार, १४ सप्टेंबर

यांचं पित्तर होतं. अष्टमी. अळूची वडी, खीर, कढी, सगळं केलं. पान ठेवलं तर कावळा येईना. रूपाली, माझी सून, म्हणली, आई, आता कावळेच राहिले नाय शहरात. मी मनातल्या मनात म्हणलं, पोरीचा गुडघा बरा होऊ द्या, आन् कोच तिला ठेवू द्या, तुम्ही काय काळजी करू नका. तरी येईना. मंग म्हणलं, स्थळाचं बी बघते मी. तवा आला. आता यांना नक्की कशाची काळजी होती ते मला कळलं नाय.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज हात थांबंना. सगळं लिहिते, जरा मागंपुढं होईल.

मुक्तिसंग्रामाचा दिवस. सकाळी कॉलेजात झेंडावंदन झालं. नानासाहेबांचा सत्कार होता, ते शाल पांघरूनच घरी गेले ते आले नाय. कमरोद्दीनभाई दुपारी झोपतात. सांडू मांडववाल्यांच्या मागं. अभयच्या कंपनीला सुट्टी नाय, रूपाली मुकुंदवाडीला बहिणीकडं. म्हणजे ओट्यावर मी एकटी, तांदूळ निवडत. समोर पोरींची प्रॅक्टिस, शिट्टीशिवाय.

एक बाई आन् एक बापा आले. बाई पन्नाशीची असंल, उंच, केस बारीक कापलेले, उन्हानं रापलेली, पण अंगावर नेसूचं स्वच्छ. बापा मागं पिशवी धरून. बाई म्हणली, "आज्जी, बसतो जरा इथं. पाणी मिळंल काय?"

बसतो! मी बघतच राहिले. बाईमाणूस आन् बसतो. मी म्हणलं, कुठली वो तुम्ही? म्हणली, "आम्ही कोल्हापूरचं. सकाळच्या गाडीनं आलोय."

माझ्या हातातलं ताट खाली ठेवलं मी. कोल्हापूर! पाहुणे! पित्तरपाटात कुणी पोरगी बघायला येतं का? पण आजकाल लोक मानत नाय काही, आन् आल्या माणसाला परत पाठवायचं असतं का? मी पाणी दिलं, गूळ दिला, वर पंखा लावला.

बाई ग्राउंडकडंच बघत होती. म्हणली, "गोलात ती पोरगी कोण?"

मी म्हणलं, ती मोनिका, ती नाय खरी. खरी माझी नात.

"तीच बघायला आलोय मी," बाई म्हणली. "तिच्याबद्दल लई ऐकलोय."

आता सांगा. यापेक्षा उघड कोण बोलंल? मी हाक मारली. प्रेरणा आतून आली ती ट्रॅकपँटवर, केस बी विंचरलेले नाय. मी डोळ्यानं खुणावलं, ती मला डोळ्यानंच खायला उठली. मी पोहे टाकायला आत गेले, पण कान बाहेर.

बाई म्हणली, उंची किती? प्रेरणानं सांगितली. हात वर कर बघू. तिनं केला. "हं. आता जरा चालून दाखव, भिंतीपासून इथवर."

मी आतल्या आत म्हणलं, जुन्या वळणाची बाई आहे. माझ्या वेळेला बी असंच होतं. मला बी चालवलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता. आताचे लोक हे सोडून देतात. पण चालली की गुडघा दिसणार. पोरगी दात चावून सरळ चालली. शाब्बास.

मंग बाईनं तिचा पंजा स्वतःच्या पंज्याला लावला, बोटाला बोट. "नऊ नंबर," ती त्या बाप्याला म्हणली. त्यानं मोबाइलवर लिहून घेतलं. बांगड्यांचं माप! मी कढईत पाणी जास्त टाकलं, पोहे गचका झाले.

पोहे दिले. खाल्ले. बाई स्वैपाकाचं इचारंना, शिक्षणाचं इचारंना. इचारलं काय, तर झोप किती घेतेस, दूध पितेस का, आन् गोल खाल्ल्यावर रडतेस का. असली सासू मी जन्मात बघितली नाय. प्रेरणाचा पारा चढत होता मला दिसत होतं. शेवटी म्हणली, "हे बघा, मला खेळायचंय. त्याच्यापुढं मला दुसरं काही नको. स्पष्ट सांगते."

मी डोळेच मिटले, मोनिकासारखे. संपलं, म्हणलं.

बाई त्या बाप्याकडं बघून हसली. "पसंत," म्हणली. तो म्हणला, "हिला पोरगी पसंत पडली की विषय संपला बघा आज्जी. माझं काय चालत न्हाई."

प्रेरणा आत गेली आन् दार लावून घेतलं. बाई मात्र माझ्याजवळ सरकली, आवाज खाली करून म्हणली, "आज्जी, डाव्या पायावर भार देत न्हाई ती. कधीपासून?"

आता यात काय बोलावं? बघायला आलेल्यांना पोरीचं दुखणं कोण सांगतं? माझ्या नणंदेचं बहिरेपण आम्ही मांडव पडेपर्यंत कळू दिलं नव्हतं. तोंडावर आलंच होतं माझ्या, काय नाय, जरा मुरगळलंय. पण बाई माझ्याकडं अशी बघत होती, रागानं नाय, जशी आपली बहीण आपल्या पोराला ताप आल्यावर इचारते. आन् पोर रात्री कण्हती ते माझ्या कानात होतं. मी सगळं सांगून टाकलं. कॉर्नर, लेप, ताप नाय ते. म्हणलं, बाई, आता तुम्हाला नाय म्हणायचं असंल तर म्हणा, पण पोरीला बोल लावू नका, लपवायला मीच हातभार लावला.

माझ्या डोळ्याला पाणी आलं. बाईनं पाठीवर हात ठेवला. "बरं केलासा सांगितलंत. न्हाईतर मी तिला पळवलो असतो आन् गुडघा कायमचा गेला असता. उद्याच्या उद्या हाडाच्या डॉक्टरकडं न्या. लेप बंद. मला घाई न्हाई. पोरगी दोन महिने बसली तरी चालंल, टिकली पाहिजे. तिच्या वडलांना मी बोलतो, तुम्ही न्हाई बोलायचं."

म्हणजे दुखणं कळूनही सोडली नाय! आन् व्याह्यांशी स्वतः बोलणार. अशी माणसं कोल्हापुरात असतात होय? मी उगीच नावं ठेवत होते.

निघताना म्हणली, "सोमवारी सकाळी दहाला परत येतो. तोवर ओट्यावर कुणाला बोलू नका आज्जी, अजून कागद झाले न्हाईत."

मी म्हणलं, माझ्या तोंडाला कुलूप. पक्कं झाल्याशिवाय सोयरीक बोलायची नसती एवढं मला कळतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

रूपालीला गुडघ्याचं सांगितलं. आधी रागावली, मंग रडली, मंग पोरीला रिक्षात घालून घेऊन गेली. आता फोटो काढलेत, मोठ्या मशीनमधले, परवा कळंल. माझा जीव टांगणीला.

पाहुण्यांचं बी सांगितलं, सुनेला सांगायला नको का. ती म्हणली, "आई, काय तरीच. दादा म्हणत होता ते लोक दिवाळीनंतर येणारेत." मी म्हणलं, उतावीळ असतील. "आन् नाव काय म्हणाले?" नाव! नावच इचारलं नाय मी. पोह्यांच्या नादात.

ओट्यावर तिघं हैराण. सांडू म्हणतो, कोल्हापूरवाला काल येऊन गेला. ऑफिसात मेसेज आलाय, 'बघून गेलो.' कुणालाच दिसला नाय! नानासाहेब शालीवर चिडले, सत्कार नसता तर मी बघितला असता म्हणाले. मला इचारलं, "वहिनी, तुम्ही होता ना? कुणी अनोळखी बापा?"

मी म्हणलं, एकच बापा आला, तो काय कोच नव्हता, पिशवी धरून गप बसला होता. जास्त बोलले नाय. बाईला शब्द दिलाय.

आन् सांडू म्हणतो, मेसेजमधी पुढं असं होतं, 'गोलकीपर मी ठरवलेली आहे.' झालं. आणली म्हणायची त्यानं आपली पोरगी. मी उठून आत आले. माझ्या प्रेरणाचं लगीन होईल चांगलं, पण बूट माळ्यावर जाणार. तिला कसं सांगू? ती काल रात्री माझ्यावर चिडली, "मला विकायला काढलंस" म्हणली. मी जवळ गेले तर भिंतीकडं तोंड केलं.

शनिवार, २० सप्टेंबर

तुटलं नाय! ताणलंय फक्त. डॉक्टर म्हणाले, अजून पळाली असती तर ऑपरेशन होतं. दीड-दोन महिने आराम, मंग खेळा. त्या बाईचेच शब्द, जसेच्या तसे. मी देवापुढं साखर ठेवली आन् बाईला मनातल्या मनात नमस्कार केला. प्रेरणानं मला मिठी मारली, पण म्हणली, लग्नाचं मात्र नाव काढू नको. मी म्हणलं, तू बाई तर बघ, तुला पळायला कुणी नाय म्हणणार नाय त्या घरात.

संध्याकाळी ओट्यावर सांडू धावत. "सोमवारी! कोच सोमवारी हजर होतोय. घट बसतात त्या दिवशी, सकाळी दहाला." नानासाहेब हार आणणार. मुकुंदवाडीहून ढोल बोलावू म्हणाले.

मी म्हणलं, सोमवारी नको हो! माझ्याकडं पाहुणे यायचेत त्याच टायमाला. तुम्ही ढोल वाजवत दारात उभं राहिलात तर ते येतील कुठून? कोचाला मागच्या गेटनं घ्या.

"कोणते पाहुणे, भाभी?" कमरोद्दीनभाई म्हणाले.

आता तोंडातून निघालंच होतं. म्हणलं, नाव सांगणार नाय, प्रेरणाला बघून गेलेत. चालवून बघितली, बांगड्यांचं माप नेलं, नऊ नंबर. बाई लई चांगली पण बोलायला बाप्यासारखी, 'येतो' म्हणती, 'ऐकलोय' म्हणती.

कमरोद्दीनभाईंचा कप हवेतच राहिला. "येतो बोली? येते नहीं?"

येतो, मी म्हणलं. सोमवारी येतो.

"भाभी, मेरी गाडी बारा साल कोल्हापूर मुक्कामी थी," ते म्हणाले. "उधर की औरतां ऐसाच बोलते." कप खाली ठेवताना सांडला. हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. नानासाहेब म्हणाले, काय झालं, आम्हाला बी सांगा. तर म्हणाले, "कुछ नहीं. भाभी ने जबान दी है, मैं कौन खोलनेवाला?" त्यांच्या डोळ्याला पाणी होतं. जाताना फाटकातून परत आले आन् मला म्हणाले, "भाभी, सोमवार को पोहे जरा जादा भिजाना. सबके लिए. और वो नऊ नंबर के बांगड्या हाथ में बराबर बैठेंगे, फिकर मत करो. बॉल भी नहीं छूटेगा."

म्हातारपणी माणूस काय बी बोलतो. बांगड्यांचा आन् बॉलचा काय संबंध.

तरी पोहे दोन किलो सांगितलेत. घट बसवायची माती आणायचीय, ओटा सारवल्यासारखा धुवायचाय, अभयला सुट्टी घ्यायला लावायचीय. ढोलवाल्यांचं काय ते सांडू बघंल. एकाच दिवशी, एकाच टायमाला, कोच बी आन् पाहुणे बी, कसं निभवायचं ते मला काय बी सुधरंना.

सोमवार, घटस्थापना, सकाळी दहा. येतो म्हणाल्यात.